सुरुंगबाईंचा होकार

कोशाच्या कार्यालयात त्यांना सगळे सुरुंगबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणत, आणि त्या ओ देत. आता बाई अंगाने काडी, आवाज असा की शेजारच्या टेबलानेही कान द्यावा, आणि नाव काय तर म्हणे सुरुंग! पण ते पडलं होतं कामावरून.

काम असं होतं. इंग्रजी-मराठी कोश चालला होता. कित्येक वर्षं चालला होता, आणि संपादक निवृत्त व्हायच्या आत तो संपेल अशी आशा कुणालाच नव्हती, खुद्द संपादकांनाही नव्हती. तिथे प्रत्येक शब्दाला दोन हात लागत. पहिला हात अर्थ लिहायचा. दुसऱ्या हाताचं काम तो अर्थ पाडायचं. वाचून मान डोलवायची नाही, काना-मात्रा तपासायची नाही; पाडायचा. म्हणजे असं एखादं वाक्य शोधून आणायचं की शब्द त्यात चपखल बसतो, पण लिहिलेला अर्थ काही बसत नाही. सापडलं, की नोंद परत पहिल्या हाताकडे. डोकं फोडूनही नाही सापडलं, तर खाली सही. त्या खोलीत ‘बरोबर आहे’ असं कुणी म्हणत नसे. ‘पडत नाही’ म्हणत. मिळाली तर तेवढीच शाबासकी.

सुरुंगबाई दुसरा हात. पहिला हात म्हणजे शाळेतून निवृत्त होऊन आलेले एक मास्तर, जाड भिंगांचे, जेवणानंतर उघड्या डोळ्यांनी झोपणारे. नोंद पुढे सरकवताना ते म्हणत, “घ्या बाई, लावा वात.” बाई वात लावत. दुपारपर्यंत नोंदीच्या चिंधड्या उडालेल्या असत. मास्तर चिडत नसत, उसासा टाकून पुन्हा लिहायला बसत. एकदाच म्हणाले होते, “तुमच्या घरात कुणाला भूक लागली म्हणायची सोय आहे का हो? का तिथेही पुरावा मागता?”

घरी बाई कुणाला पुरावा मागत नव्हत्या. घरी त्या धाकटी होत्या. घरात माणसं तीन: आई, थोरला भाऊ आणि ही धाकटी. लग्न दोघा भावंडांचंही झालेलं नव्हतं. का झालं नाही याची कारणं नातेवाइकांना तोंडपाठ होती, तेव्हा ती आपण त्यांच्याकडेच राहू देऊ. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. इमारतीच्या डोक्यावर जी एक कोंदट खोली असते, यंत्राची, तिथे त्याचं आयुष्य चाललं होतं. माणूस अबोल. जेवताना “मीठ” एवढं म्हणाला तरी आईला वाटे, आज पोरगं खुशीत आहे.

तो एक दिवस हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून कामाला म्हणून निघाला आणि आलाच नाही. भांडण झालेलं नव्हतं. कामावर चौकशी केली तर तिथलेच उलट विचारायला लागले, आज आला का नाही तो? पोलिसांत सांगून झालं, दवाखाने धुंडाळून झाले, ज्याच्याशी दादा आयुष्यात चार वाक्यं बोलला होता त्या प्रत्येकाकडे जाऊन झालं. कुणी म्हणालं, बैरागी झाला असेल. कुणी म्हणालं, दुसरं घर असेल त्याचं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! दिवस गेले, वर्ष उलटलं, आणखी एक उलटायला आलं.

या काळात आईने दाराची कडी लावणं सोडलं. दार नुसतं लोटलेलं. जिन्यात पाऊल वाजलं की आई उठून बसे. चौथ्या मजल्यावरचा शेजारी सपाता ओढत वर जायचा, त्याच्या पावलांना तर आईने किती वेळा उठावं! “येईल गं, नक्की येईल,” ती म्हणायची, आणि हे धाकटीला सांगायची की स्वतःला, देव जाणे. दादाचं ताट झाकून ठेवायची आणि सकाळी ते स्वतःच खायची. धाकटी भिंतीकडे तोंड करून आईचं उठणं-बसणं ऐकत पडायची. तिला भावाची काळजी होती, आईची काळजी होती, आणि पुढेपुढे तर आपल्याला नेमकी कुणाची काळजी आहे हेही तिला सांगता आलं नसतं. छातीवर पाटा ठेवलेला असायचा, एवढं खरं. ऑफिसात जाऊन ती अर्थ पाडायची, घरी येऊन पाट्याखाली निजायची.

मग एका सकाळी पोलीस ठाण्यातून फोन आला. कालव्याच्या जाळीला एक प्रेत अडकलं होतं. वय जुळतंय, उंची जुळतेय, निळा शर्ट आहे. येऊन बघून जा.

दोघी गेल्या. आईला बाहेरच्या बाकावर बसवलं. हवालदार म्हणाला, “आजींना नका नेऊ आत. बरेच दिवस पाण्यात होतं.” बाई एकट्या आत गेल्या. पांढऱ्या फरशांची खोली, फिनेलचा वास, गमबूट घातलेला एक माणूस. त्याने चादर बाजूला केली. चेहऱ्यावरून काही सांगण्यासारखं उरलेलं नव्हतं. हवालदाराने विचारलं, अंगावर काही खूण? दादाच्या डाव्या हाताला कोपराखाली वेल्डिंगने भाजल्याचा जुना डाग होता. गमबुटवाल्याने डावा हात थोडा उचलून दाखवला. तिथे डागासारखं काहीतरी होतं. पण तसं तर त्या अंगावर सगळीकडेच काही ना काही होतं.

“ओळख पटली तर प्रश्नच मिटला,” हवालदार म्हणाला. त्याचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. “नाही तर मग नमुना काढायचा, बाहेर तपासणीला धाडायचा. महिनोन्‌महिने लागतात, ताई. खात्री आहे ना तुमची?”

“हो,” बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर आईने त्यांच्याकडे वर मान करून बघितलं. “नक्की?”

“नक्की.”

झालं. चार नातेवाईक जमले, दादाला पोचवून आले. सगळे म्हणाले, धाकटी धीराची हो, डोळ्यात पाणी नाही काढलं. अहो, कसला धीर नि कसलं काय! पाणी येतच नव्हतं. बाईंनी वाट बघितली. आज येईल, उद्या येईल, एकटी असताना येईल. मांडीखाली पाय दबून बधिर होतो, चिमटा काढला तरी आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. छातीवरचा पाटा मात्र गेला होता. त्या रात्री आईने उठून दाराला कडी लावली. धाकटी झोपली ती उन्हं वर येईपर्यंत.

त्यानंतर दोघींचं बरं चाललं. म्हणजे लोक ज्याला बरं म्हणतात तसं. आई वेळेवर जेवायची, दुपारी खुर्चीत डुलकी काढायची, शेजारच्या सपातांना उठत नव्हती. बाई कामावर जायच्या, यायच्या, भाजी आणायच्या. जेवणाला चव लागत नव्हती, पण त्यावाचून काही अडत नव्हतं. कुणी विनोद केला तर कुठे हसायचं ते त्यांना कळायचं आणि त्या हसायच्या. मास्तरांनी एकदा निरखून बघितलं. “बाई, हल्ली तुमच्या सुरुंगाला आवाज नाही.” बाई म्हणाल्या, “पडतंय ना? मग झालं तर.”

कोश ‘एस’ अक्षरावर आला होता. एका सकाळी मास्तरांनी एक नोंद पुढे सरकवली. शब्द साधा, रोजचा, पोराटोरांच्या तोंडातला: शुअर. मास्तरांनी लिहिलं होतं: खात्रीचा, निश्चित, नक्की.

“हा तरी सोडा,” मास्तर म्हणाले. “याच्यात काय पडायचंय!”

बाईंनी पेन्सिल घेतली. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मास्तर, ‘तो येईल’ आणि ‘मला खात्री आहे तो येईल’. यातलं पक्कं कुठलं?”

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. “पहिलं. दुसऱ्यात खोट आहे. ज्याला शंका नाही तो खात्रीचं नाव कशाला काढेल?”

“मग निश्चित कसं लिहिलंत?”

“लावली का वात! बरं, मुळापासून बघू.” मास्तर खुशीत आले. मुळं उकरायची म्हटली की मास्तरांची झोप उडे. “लॅटिन. ‘से’ म्हणजे विना, ‘कुरा’ म्हणजे काळजी. सेक्युरस म्हणजे ज्याला काळजी नाही तो. फ्रेंचांच्या तोंडात तो घासला, पार गुळगुळीत झाला, तिथून इंग्रजांनी उचलला आणि केला शुअर. सिक्युअर त्याचाच सख्खा भाऊ, फक्त नंतर आला, न घासता. विम्याचा इन्शुरन्सही त्याच घरातला. आधी अर्थ निर्धास्त, सुरक्षित असा. खात्रीबित्री मागून चिकटली.”

“म्हणजे आपलं बिनघोर,” बाई म्हणाल्या.

“वा! घोर नाही तो बिनघोर. टाकला ना बाई, नेमका टाकला शब्द! आणि आपल्याकडचं बघा. खातरजमा. अरबीतून आलाय. खातिर म्हणजे मन. सैरावैरा धावणारं मन एका जागी जमा झालं, की झाली खातरजमा. पक्कं म्हणजे तर नुसतं शिजलेलं!” मास्तर टेबलावर हात आपटून हसले. “सगळं माणसाच्या आतलं आहे हो. समोरची वस्तू खरी का खोटी, याच्याबद्दल यातला एक शब्द बोलेल तर शपथ! माणसाचा घोर गेला, मन जागेवर बसलं, की तो म्हणतो मला खात्री. लिहा तसं. कबूल, पडली माझी नोंद.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मास्तर पुढेही काही बोलत होते, ते त्यांच्या कानात शिरलं नाही. बाई त्या पांढऱ्या फरशांच्या खोलीत उभ्या होत्या आणि हवालदार विचारत होता, खात्री आहे ना. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं पाडून पोट भरलेली ही बाई. तिने त्या खोलीत काय केलं? पाडून बघितलं? डाग त्यांनी दाखवला तसा बघितला. हात पालथा करून दाखवा म्हणाली नाही. दादाच्या पायाचं मधलं बोट वाकडं होतं, लहानपणी पाटा पडून. पाय उघडा म्हणाली नाही. दाताची तक्रार होती, दात बघितले नाहीत. हा दादा नसेल तर कशावरून नसेल, हा एकच तर प्रश्न ती दिवसभर पगार घेऊन विचारत असे. तो तिथे तिला सुचला नाही. छे, न सुचायला काय झालं! सुचला होता. चादर बाजूला झाली त्या क्षणी सुचला होता आणि तिने त्याला हाकलून लावलं होतं. महिनोन्‌महिने लागतात, ताई. आणखी महिनोन्‌महिने तो पाटा. नको. घोर जावा म्हणून तिने हो म्हटलं, आणि घोर गेला म्हणून तिला ते खरं वाटत राहिलं.

“बाई? सही करताय ना?”

“नाही,” त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या. भर दुपारी, न सांगता. असं त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं. मास्तर दारापर्यंत मागे आले, “अहो, बदलतो म्हटलं ना मी!” म्हणत.

रस्त्यात त्यांनी हिशेब केला. गप्प बसलं तर काय होईल? काही नाही. आई जेवेल, आई झोपेल, आहे तसं चालू राहील. बोललं तर या वयात आईला पुन्हा त्या नरकात ढकलायचं. एकदा पोराला पोचवून आलेल्या बाईला सांगायचं, थांब, माहीत नाही. हातात काय, तर एक शंका. पुरावा नाहीच. कदाचित तो दादाच असेल. कदाचित! जिन्यात त्या दोनदा थांबल्या, खालच्या पायरीवर बसूनही बघितलं. मग वर गेल्या.

आई जमिनीवर बसून मटार सोलत होती. “आज लवकर कशी? ताप आहे का?”

धाकटी तिच्यासमोर बसली. मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. वर बघून सांगणं जमलं नसतं. डागाचं सांगितलं, पायाचं सांगितलं, नमुन्याचं सांगितलं. “मी हो म्हटलं, आई. पण मी बघितलंच नव्हतं. मला ते संपायला हवं होतं.”

आईचे हात चालूच होते. शेंग फुटायची, दाणे भांड्यात पडायचे. आता ही ओरडेल, धाकटीला वाटलं. मारेलसुद्धा. मारावंच, असंही वाटलं.

“मला कळलं होतं,” आई म्हणाली.

“काय कळलं होतं?”

“तू बाहेर आलीस ना, तेव्हा. भाऊ मेलेला बघून आलेल्या बाईचं तोंड नव्हतं तुझं. सुटून आल्यासारखं होतं. मी म्हटलं, हिने काही नीट बघितलेलं नाही.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू?” आईने पहिल्यांदा वर बघितलं. “एक पोर गेलेलं होतं. दुसरं माझ्या डोळ्यांसमोर वाळत चाललं होतं. रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडायचीस, मला काय कळत नव्हतं, तू जागी आहेस ते? म्हटलं, खरं असो खोटं असो, ही तरी झोपेल. कडी लावली ती तुला ऐकू जावी म्हणून लावली. मी कुठली झोपतेय गं!”

इतके दिवस दोघी एकमेकींना झोपवत होत्या. आणि झोपली होती ती एकटी धाकटीच.

आईने एक शेंग हातात घेतली, पण सोलली नाही. कपाळावर आठी चढली, एखादी गोष्ट इतके दिवस लक्षात कशी आली नाही म्हणून चढते तशी.

“अगं पण मग तो कुणाचा?” ती म्हणाली.

“कोण?”

“आपण पोचवला तो. दादा नसेल तर कुणाचा तरी असेल ना तो? त्याचं कुणीतरी शोधत असेल. आपण आपला म्हणून घेऊन आलो, आता त्यांना तो मिळायचा कुठून?” आईने शेंग टाकली, जमिनीला हात टेकून उठायला लागली. “ऊठ. ऊठ आधी. मी आपली माझ्याच पोराचं घेऊन बसले, दळभद्री!”

दोघी मटार तसेच टाकून निघाल्या.

ठाण्यात तोच हवालदार होता. त्याने ऐकून घेतलं आणि पेन कानावर खोचलं. “ताई, माणसं आधी नाही नाही म्हणतात आणि मग हो म्हणतात. तुमचं उलटं. तेव्हा खात्री होती ना तुमची?”

“होती.”

“मग आता खात्री आहे का, की तो तुमचा भाऊ नव्हता?”

“नाही.”

“मग मी लिहू काय?”

“माहीत नाही, असं लिहा,” बाई म्हणाल्या. “मी ओळखलं नव्हतं, असं लिहा. माझा होकार मागे घेतला म्हणून लिहा.”

हवालदार आईकडे वळला, आजी तरी काही समजुतीचं बोलतील म्हणून. आई म्हणाली, “नमुना ठेवता ना तुम्ही? त्या दिवशी मी बाकावर बसले होते तेव्हा तो गमबुटवाला म्हणाला होता, ओळख पटली तरी ठेवतात म्हणून. माझं रक्त घ्या आणि जुळवा. माझा असेल तर कळवा. नसेल तर आधी त्याच्या घरच्यांना शोधा, मग मला कळवा.”

हवालदाराने कानावरचं पेन काढलं. लिहायला त्याला वेळ लागला, दोनदा खोडलं. दवाखान्यात आईचं रक्त घेतलं, दंडाला कापूस लावला. निकालाला किती लागतील विचारलं, तर तिथली मुलगी म्हणाली, सांगता येत नाही.

बाहेर संध्याकाळ झाली होती आणि गार वारा सुटला होता. दोघी फुटपाथच्या कडेने निघाल्या. आईचा हात धाकटीच्या हातात. कोपऱ्यावर एक माणूस दुकानाच्या पायरीवर अंग आखडून बसला होता, कुणीतरी अनोळखी. त्याच्याकडे बघताना धाकटीच्या मनात आलं, दादाला गारठा सोसत नाही. छाती भरून येते त्याची. कुठे असेल, अंगावर काय असेल? काही खाल्लं असेल का त्याने आज? आणि तो कालव्यातला, तो कुणाकडे निघाला होता?

ती तिथेच, कडेला, खाली बसली आणि रडायला लागली. हुंदके देऊन, तोंड न झाकता, येणारेजाणारे थांबून बघतील असं. पाटा पुन्हा छातीवर आला होता, होता तसाच, होता तेवढाच जड.

आई तिच्याशेजारी बसली. “दुखतंय का गं?” तिने विचारलं.

“हो,” धाकटी म्हणाली.

“बरं झालं,” आई म्हणाली, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.